छबिलदासचे सभागृह: उसन्या जागेवरची अठरा वर्षे

दादर पश्चिमेला, स्टेशन आणि भाजीबाजारापासून हाकेच्या अंतरावर छबिलदास मुलांची शाळा आहे. जनरल एज्युकेशन इन्स्टिट्यूटची ही शाळा. तिच्या सभागृहात १९७४ पासून १९९२ पर्यंत संध्याकाळी नाटके होत असत. प्रायोगिक मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या काळाला 'छबिलदास चळवळ' म्हणतात. इथे मला त्या इतिहासापेक्षा वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. आपल्या वस्तीत चार भाषांतले, चार प्रकारचे कलावंत एकत्र येतील अशी छोटी जागा सुरू करायची असेल, तर ती नेमकी कशावर चालते आणि कशाने बंद पडते, हे तपासायला छबिलदाससारखे दुसरे प्रकरण आपल्याकडे नाही. जागा स्वतःची नव्हती, पैसा नव्हता, इमारत नाटकासाठी बांधलेली नव्हती. तरी ती अठरा वर्षे चालली.

गरज कुठून आली

१९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदी मंडळींनी 'रंगायन' सुरू केली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, मोजक्या प्रेक्षकांसाठी प्रयोग करणारी ही संस्था. फ्रेंच नाटककार आयनेस्कोचे 'खुर्च्या' मराठीत आले ते रंगायनमधून. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली अरविंद देशपांडे यांनी बसवले आणि सुलभा देशपांडे यांनी केलेली नायिका बेणारे मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात कायमची बसली. पुढे मतभेद झाले आणि रंगायन फुटली. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली.

आविष्कारचा सुरुवातीचा मोठा प्रयोग गिरीश कार्नाडांचा 'तुघलक', मराठी अनुवाद तेंडुलकरांचा. मोठा संच, भरजरी कपडे, मोठे नेपथ्य. असे नाटक एकदा करता येते, चारदा करता येते, पण त्यावर हौशी संस्था वर्षानुवर्षे उभी राहू शकत नाही. व्यावसायिक नाट्यगृहाचे गणित आजही फारसे बदललेले नाही. तारखा मिळवायच्या, भाडे भरायचे, जाहिरात द्यायची आणि मग शनिवार-रविवारी खिडकीवर डोळे लावून बसायचे. शिवाजी मंदिर नाट्यगृह छबिलदासपासून चालत काही मिनिटांवर, पण तिथली तारीख आणि प्रायोगिक नाटक यांच्यातले अंतर चालत जाण्यासारखे नव्हते. ज्या नाटकाला पन्नास माणसे येतील की दीडशे हे करणाऱ्यालाच ठाऊक नाही, त्याने सात-आठशे खुर्च्यांचे भाडे कशाला भरायचे?

मुंबईत याआधी एक जागा होती. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. तिथे गच्चीवर इब्राहिम अल्काझी नाटके करत, सतारवादक रविशंकरांचे 'किन्नर' हे संगीत विद्यालय तिथेच होते, हुसेन-गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार तिथे काम करत. भाडे नाममात्र. चित्रकार नाटक पाहतो, सतारीचा विद्यार्थी चित्राच्या खोलीत डोकावतो, अशी ती जागा होती. पुढे ती बंगलेवजा इमारत पाडली गेली आणि तिथे आकाशगंगा हा टॉवर उभा राहिला. दुसरे ठिकाण ताडदेवचे वालचंद टेरेस, जिथे दिग्दर्शक सत्यदेव दुबे आणि त्यांची माणसे तालमी करत. तेही कायमचे नव्हतेच. थोडक्यात, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला करणारी माणसे शहरभर होती, भाषा चार-पाच होत्या, आणि बसायला जागा नव्हती.

बाई आणि चावी

छबिलदास मिळाले कसे? याचे उत्तर अगदी घरगुती आहे. सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांची नाटके त्या बसवत असत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने सभागृह मागायला आलेली ती कुणी नाटकवाली मंडळी नव्हती, आपल्या बाई होत्या.

हा मुद्दा मी मुद्दाम ताणतो आहे, कारण कलाजागा काढू पाहणारी मंडळी आधी आर्किटेक्ट गाठतात, मग निधी शोधतात, आणि ज्या इमारतीत जायचे तिथला शिपाई, मुख्याध्यापक, सोसायटीचा सेक्रेटरी यांच्याशी पहिले बोलणे उद्घाटनाच्या पत्रिकेसोबत होते. छबिलदासमध्ये उलट झाले. विश्वास आधी होता, नाटक नंतर आले. आणि शाळेलाही काही मिळत होते. आविष्कारची बालनाट्याची शाखा 'चंद्रशाला' सुलभाताईंनी उभी केली. मुलांना नाच, गाणे, बोलणे, रंगमंचावर वावरणे शिकवणारी. 'दुर्गा झाली गौरी' हे तिचे गाजलेले नृत्यनाट्य. पालकाला ज्या जागेत आपले पोर रंगमंचावर उभे राहिलेले दिसते, त्या जागेबद्दल तो सहसा तक्रार करत नाही. वस्तीशी नाते जोडायचे तर 'आउटरीच'चे अहवाल लिहिण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा.

आविष्कारच्या संस्थापकांतले तिसरे नाव अरुण काकडे, म्हणजे काकडेकाकांचे. नट, निर्माता, व्यवस्थापक, गरज पडेल तिथे हमाल. अशा जागेला दिग्दर्शक दहा मिळतात. रोज संध्याकाळी सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी दिवे बंद करून निघणारा माणूस एकच मिळतो, तोही नशीब असेल तर. काकडे २०१९ मध्ये गेले, तोवर आविष्कारचा गाडा त्यांच्याच खांद्यावर होता.

घंटा ते घंटा

शाळेच्या सभागृहात नाटक करणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. शाळेची शेवटची घंटा आणि नाटकाची तिसरी घंटा यांच्यामध्ये जो वेळ मिळतो त्यात सगळे उभे करायचे. बाके हलवायची. खिडक्यांतून येणारा रस्त्याचा उजेड अडवायचा, नाहीतर अंधार होतच नाही आणि अंधाराशिवाय प्रकाशयोजना कसली? मग शिडी. दिवे टांगायचे, वायरी पट्टीने जमिनीला चिकटवायच्या, नाहीतर दुसऱ्या अंकात नट अडखळणार. शाळेची वीजजोडणी किती भार घेते हे आधी विचारून ठेवायचे, कारण फ्यूज उडाला तर तो बदलणारा माणूस संध्याकाळी घरी गेलेला असतो. खुर्च्या मांडायच्या, मोजायच्या, आणि प्रयोग संपला की हे सगळे उलट क्रमाने. सकाळी सातवीचा वर्ग आला की त्याला रात्री इथे काही झाले याचा मागमूसही लागता कामा नये.

यातून एक शैली तयार झाली. जे अर्ध्या-पाऊण तासात उभे राहत नाही ते नेपथ्य करायचेच नाही. दोन ठोकळे, एक चौकट, एक कापड. जागा लहान म्हणून नट आवाज चढवत नाही, प्रेक्षक त्याच्या पापणीची हालचाल पाहतो. मखमली पडद्याचा प्रश्नच नाही. बाहेर दादर आपले दादर होते. गाड्यांचा खडखडाट, फेरीवाले, लग्नसराईत बँड. हे आवाज बंद करता येत नाहीत, तेव्हा नटाला ते सोबत घेऊन बोलायला शिकावे लागते. प्रायोगिक नाटकाच्या सौंदर्यशास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला बराच भाग शाळेच्या वेळापत्रकाने लिहिला, असे माझे मत आहे.

पैशाचे सूत्रही त्यातच दडलेले. इमारतीचा खर्च शाळेचा, कारण ती दिवसा शाळा आहे. संध्याकाळच्या मोकळ्या वेळाला बाजारात भाव नव्हता. नट-दिग्दर्शक दिवसा बँकेत, कॉलेजात, सरकारी कचेरीत. कुणाचे पोट या जागेवर अवलंबून नव्हते, म्हणून नाटक पडले तरी जागा पडत नव्हती. याची दुसरी बाजू अशी की कुणालाच पगार नव्हता. आजच्या मुंबईत, दोन-अडीच तास लोकलमध्ये घालवणाऱ्या आणि रात्री नऊपर्यंत ऑफिसच्या फोनला बांधलेल्या माणसाकडून ती संध्याकाळ मागणे सोपे नाही. छबिलदासचे कौतुक करताना ही सवलत विसरली जाते: तेव्हा नोकरी पाच-साडेपाचला सुटत असे.

देवाणघेवाण कशी झाली

आविष्कारने सभागृह फक्त स्वतःसाठी ठेवले असते तर हे प्रकरण अभ्यासायची गरज नव्हती. त्यांनी ते इतर संस्थांना खुले केले, परवडेल अशा दरात. सत्यदेव दुबे आपली हिंदी नाटके घेऊन आले. मूळचे बिलासपूरचे, क्रिकेट खेळायला मुंबईत आलेले हे गृहस्थ मराठी नाटककारांना हिंदीत नेण्यात आणि हिंदी-मराठी नट एकाच तालमीत घोळवण्यात आयुष्यभर रमले. अमोल पालेकरांची 'अनिकेत' ही नाट्यसंस्था इथे होती. मुंबईबाहेरच्या आणि नव्या, नावही न झालेल्या संस्थांनाही इथे प्रयोग करता येत. परिणाम असा की आज मराठी नाटक पाहायला आलेला माणूस पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर बसून हिंदी नाटक पाहत असे. त्यासाठी 'बहुभाषिक महोत्सव' नावाचा फलक लागत नव्हता.

दोन उदाहरणे जवळून पाहू.

एक 'चांगुणा'. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काचे 'येर्मा' १९३४ साली माद्रिदमध्ये रंगमंचावर आले. मूल होत नाही म्हणून आतून पेटत जाणाऱ्या गावातल्या बाईची गोष्ट. आरती हवालदार यांनी ते मराठीत आणले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या जयदेव हट्टंगडी यांनी आविष्कारसाठी बसवले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी चांगुणा केली. रूपांतर असे की स्पेन शोधायला जावे लागत नाही. वांझ म्हणून बाईला टोचणारे गाव आपल्याकडे कमी आहेत का? पण त्याहून महत्त्वाचे, दिल्लीत शिकलेली शिस्त, अंदलुसियाचे नाटक आणि मराठी गावची बोली हे तिन्ही एका तालमीत आले. देवाणघेवाण ही अशीच होते. चर्चासत्रात ओळख होते, तालमीत भांडण होते, आणि शिकणे भांडणातून होते.

दुसरे बादल सरकारांचे 'जुलूस'. सरकार कोलकात्याचे, व्यवसायाने नगररचनाकार. चौकटीचा रंगमंच सोडून प्रेक्षकांच्या मधे नाटक न्यायचे त्यांनी ठरवले. त्यांचे 'मिछिल' मराठीत 'जुलूस' होऊन अमोल पालेकरांच्या दिग्दर्शनात आले. मिरवणुका, घोषणा, हरवलेला मुलगा. व्यावसायिक नाट्यगृहात हे नाटक करायचे म्हणजे त्याचा कणाच मोडायचा, कारण तिथे खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात. मोकळी जमीन असलेल्या सभागृहात खुर्च्या सरकवल्या की झाले. बंगालमधली कल्पना दादरला रुजली याचे मोठे श्रेय मी हलत्या खुर्च्यांना देतो. नवी जागा बांधणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच असते, की पैसे आले तरी खुर्च्या ठोकू नका.

त्याच सुमारास मुंबईत देवाणघेवाणीचे मोठे, संस्थात्मक प्रयोगही होत होते. पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचे नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून केले. ते काम मोलाचे होतेच. पण त्यासाठी दोन देशांच्या संस्था, दौरे, निधी लागतो, आणि पाहुणा परत गेला की पुढची भेट ठरेपर्यंत सगळे शांत. छबिलदासची देवाणघेवाण किरकोळ, सततची, थोडी अव्यवस्थित. निवड समिती कडक नव्हती, त्यामुळे वाईट नाटकेही भरपूर झाली. ते मला दोष वाटत नाही. पडण्याची मुभा नसेल तर नवा दिग्दर्शक दुसऱ्या भाषेला हात लावतच नाही, सुरक्षित तेच करतो.

कोण आले नाही

आता तक्रारीची बाजू. भाषेच्या भिंती इथे पातळ झाल्या, वर्गाच्या तितक्या नाहीत. दादरपासून परळ-लालबाग एक-दोन स्टेशनांवर. तिथे गिरणी कामगारांची स्वतःची रंगभूमी होती, कोकणातून आलेले नमन-खेळे आणि शक्ती-तुरा हे लोककलांचे प्रकार होते, सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. छबिलदासचा हा ऐन बहराचा काळ. माधुकरी मागितल्यासारखी दुरून दुरून नाटके आणणारे हे सभागृह शेजारच्या वस्तीतली कला मात्र क्वचितच बोलावत होते. बंगाली नाटक इथवर पोहोचले, पण परळचा शक्ती-तुऱ्याचा फड छबिलदासच्या परंपरेचा भाग झाला असे म्हणता येत नाही.

याला कुणा एकाला जबाबदार धरण्यात अर्थ नाही. संध्याकाळची वेळ मध्यमवर्गाच्या नोकरीला सोयीची होती, तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला नाही. माहिती तोंडी पसरत असे, आणि तोंडे एकाच वर्तुळातली. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'सारख्या एकांकिका याच काळात स्पर्धांमधून, महाविद्यालयांतून, वस्त्यांतून फिरत होत्या. त्यांचा प्रेक्षक आणि छबिलदासचा प्रेक्षक यांची गाठ कुणी मुद्दाम घालून दिली असती तर दोघांचेही नाटक वेगळे झाले असते. आपोआप होणारी देवाणघेवाण आपल्यासारख्यांतच होते. त्यापलीकडे जायचे तर कुणीतरी उठून लालबागला जावे लागते, तिथल्या मंडळाच्या वेळेनुसार आपले वेळापत्रक बदलावे लागते.

मुक्काम हलतो

अरविंद देशपांडे १९८७ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या स्मृतिमहोत्सवातून आविष्कारने पुढेही नव्या दिग्दर्शकांना उभे केले. १९९२ च्या सुमारास छबिलदासमधला मुक्काम संपला आणि आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच, पुन्हा उसनी जागा. तिथे तालमी झाल्या, शिबिरे झाली, नव्या पोरांना पाय टेकायला जमीन मिळाली. संस्थेची भूकही कमी झाली नव्हती. १९९४ मध्ये महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनात आविष्कारनेच सलग नऊ तास रंगमंचावर आणली. पण आठवड्याच्या कुठल्याही संध्याकाळी सहज डोकवावे आणि काहीतरी चाललेले दिसावे, ती दादरची सवय मोडली ती मोडलीच. जागा दोन स्टेशने हलली तरी प्रेक्षकाचे पाय नवी वाट लवकर शिकत नाहीत.

इथे जुहूचे पृथ्वी थिएटर शेजारी ठेवून पाहावे. ५ नोव्हेंबर १९७८ ला ते सुरू झाले, जेमतेम दोनशे प्रेक्षकांचे, वास्तुविशारद वेद सेगन यांनी आखलेले. पहिले नाटक 'उद्ध्वस्त धर्मशाला', म्हणजे गो. पु. देशपांडे यांचे मराठी नाटक हिंदीत. देवाणघेवाणीची तीच हवा, जवळपास तीच माणसे. पृथ्वी आजही चालू आहे. फरक प्रतिभेत शोधू नये. पृथ्वीची जमीन कपूर कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेकडे आहे, बाहेर कॅफे आहे, वर्षभराचे वेळापत्रक छापता येते. छबिलदासच्या वेळापत्रकावर शाळेच्या गरजेचा पहिला हक्क होता, आणि तो रास्तच होता. व्यवस्थापन बदलते, शिक्षिका निवृत्त होतात, विश्वास वारसाहक्काने पुढच्या समितीकडे जात नाही.

म्हणून आज कुणी शाळेचा, वाचनालयाचा किंवा सोसायटीचा हॉल मागायला निघाले की मी आधी करार विचारतो. तोंडी 'हो'वर सुरुवात करावी, हरकत नाही. छबिलदासही नात्यावरच सुरू झाले. पण पहिले वर्ष गोडीने गेले की लगेच, सगळे खुशीत असताना, कागद करून घ्यावा. किमान पाच वर्षांची मुदत, परीक्षा आणि निवडणुकीच्या दिवसांची सूट, विजेचा वेगळा मीटर, चावी कुणाकडे आणि ती व्यक्ती बदलली तर पुढे कुणाकडे, आणि जागा सोडायची झाल्यास किती महिन्यांची सूचना. यजमान संस्थेला वर्षात काय मिळणार तेही त्यातच लिहावे: मुलांसाठी इतकी शिबिरे, इतके मोफत प्रयोग. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (प्रयोगाआधी संहिता तपासणारे सरकारी मंडळ) प्रमाणपत्र आणि पोलिसांचा परवाना ही जबाबदारी नाटक करणाऱ्या संस्थेची, शाळेची नव्हे, हेही स्पष्ट असावे, कारण पहिला वाद बहुतेक वेळा त्यावरूनच पेटतो आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो.